वजन टाकू नका

दिघा, नवी मुंबई
८ नोव्हेंबर २०२४

भैरू,

ज्ञानूचा रामराम घे. पत्र बघून घाबरू नकोस, मी जिवंत आहे. फोन दोनदा केला होता. तुझी सून उचलते आणि तुझ्या कानाशी ओरडून सांगते, तेव्हा तुला सोडून सगळ्या आळीला कळतं. त्यापेक्षा कागद बरा. माझं अक्षर वाईट आहे, पण तुझे डोळे अजून शाबूत आहेत असं धरून चालतो. नसतील तर तसं कळव.

माझा उजवा पाय मोडला. गुडघ्याच्या खाली, नडगीला.

दिवाळीच्या आधी मार्केटला गेलो होतो. कामाला नाही, नुसता बसायला. तुला माहीत आहे, निवृत्त झालो तरी सकाळचा चहा गाळ्यावर हमालांच्या टोळीबरोबर घेतल्याशिवाय मला दिवस उगवल्यासारखा वाटत नाही. तिथं कांद्याची थप्पी लावली होती, नव्या पोरांनी. पोत्यावर पोतं सरळ रचलेलं, सांधा दिलेला नाही. मी म्हणालो, "अरं ही थप्पी येणार हाय खाली." एक जण म्हणाला, "बाबा, तुमी चहा प्या." चहा संपायच्या आत आली. वरची दोन पोती सुटली. एक चुकवलं, दुसरं नडगीवर बसलं. पन्नासाचं होतं म्हणून वाचलो. आपल्या वेळचं शंभराचं असतं तर पाय तिथंच ठेवून यावं लागलं असतं.

ऑपरेशन झालं. आत पट्टी बसवली आहे, प्लेट म्हणतात, आणि स्क्रू मारलेत. डॉक्टर तरुण आहे, आमच्या धनेशपेक्षा लहान दिसतो. घरी सोडताना त्यानं दोनदा बजावलं, "आजोबा, पायावर वजन टाकायचं नाही हां. अजिबात नाही."

मी म्हणालो, "साहेब, एकदा पडलं तेवढं पुरे झालं."

तो हसला. आता या तिसऱ्या माळ्यावरच्या खोलीत माझ्या पायावर वजन कुठून पडणार? तरी मी घरी आल्याआल्या तेजश्रीला सांगून फळीवरचा तांदळाचा डबा खाली काढून ठेवायला लावला. सून म्हणाली, "आबा, तो तिथं दहा वर्षं आहे." मी म्हणालो, "पोतीपण थप्पीवर नीट होती."

दिवसा दोघंही कामाला जातात. धनेश महाप्याला, तेजश्री ऐरोलीला. मी आणि गॅलरीतली कबुतरं. चालायला घोडा दिलाय, वॉकर. तो दाखवणाऱ्या पोरानं दोन मिनिटं दाखवला, एका पायावर लंगडी घालत. मला हसू आलं. दुखणाऱ्यानं लंगडी घालावी, ज्याला सोसतं त्यानं कशाला? मी पाय टेकून चालतो. कळ येते, पण कळ काय आपल्याला नवीन आहे?

भीती एकच आहे. या इमारतीला लिफ्ट नाही. मला आपल्या पायानं खाली उतरता आलं पाहिजे. दुसरं काही मागत नाही. उतरता आलं नाही तर इथून मला चौघं जण एकदाच उतरवतील.

तुझ्या कानाचं काय झालं? ते यंत्र घालतोस की खुंटीला लावून ठेवलंस?

ज्ञानू


कारंडेवाडी, ता. पाटण
२१ नोव्हेंबर २०२४

ज्ञानूस भैरूचा नमस्कार.

पत्र पोचलं. अक्षर कोंबडीनं लिहिल्यासारखं आहे, पण वाचलं. यंत्र खुंटीला आहे. घातलं की म्हशीचं रवंथ करणं ऐकू येतं आणि माणसाचं बोलणं येत नाही. असलं काय कामाचं?

थप्पीला सांधा नाही आणि तू तिच्या पायथ्याशी बसून चहा पितोस. तुझ्या टाळक्यात काय भरलंय? आपला मुकादम असता तर पाय मोडायच्या आधी त्यानं तुझी मान मोडली असती.

डॉक्टर मात्र शहाणा दिसतो. पायावर वजन टाकू नको म्हणाला ते बरोबर आहे. दुखऱ्या जागी पुन्हा लागलं की जन्माचं दुखणं होतं. तांदळाचा डबा काढलास ते बरं केलंस. देवाच्या फळीखालीही बसत जाऊ नकोस.

पण ज्ञानू, चालणं सोडू नकोस. बसलेला माणूस गंजतो. आपल्या टोळीतला मारोती आठव. पाय मुरगळला आणि खाटेवर बसला, आज उठतो उद्या उठतो करत उठलाच नाही. तू रोज थोडं वाढव. आज दारापर्यंत, उद्या जिन्याच्या तोंडापर्यंत. हाड हे बैलासारखं आहे, कामाला जुंपलं तरच खातं.

उन्हाळ्यात गावाकडं ये. तुझ्या घरासमोरच्या आंब्याला यंदा मोहोर धरेल असं दिसतंय.

भैरू


दिघा
२४ डिसेंबर २०२४

भैरू,

प्लेट तुटली.

तू लिहिलंस तसं रोज वाढवत होतो. गॅलरी ते दार, मग दार ते जिन्याचं तोंड. जिन्याचा कठडा धरून खाली बघून यायचो. दोन पायऱ्या उतरून परत चढलो होतो. कुणाला सांगितलं नव्हतं. धनेशला एकदम खाली जाऊन रिक्षा स्टँडवर भेटायचं असा माझा बेत होता.

सकाळी स्वयंपाकघरात पाणी घ्यायला जात होतो आणि आवाज झाला. ओढून बांधलेली सुतळी तटकन तुटते, तसा. मोठा नव्हता. पण माझ्या पायाच्या आतून आला. मग मी खाली होतो आणि पाय नको त्या बाजूला वळला होता. तेजश्री अजून निघाली नव्हती म्हणून बरं.

डॉक्टरनं फोटो काढला आणि मला विचारलं, "आजोबा, वजन टाकलं होतंत?"

"नाही."

"खरं सांगा. मी रागावणार नाही."

"आईची शपथ, नाही."

तो माझ्याकडं बघेना, धनेशकडं बघत राहिला. धनेशनं मान खाली घातली.

वॉर्डात खाटेवर आणल्यावर धनेश म्हणाला, "आबा, खालच्या काकू सांगतात, दिवसभर वरून वॉकरची ठकठक ऐकू येते. तुम्ही चालत होता?"

"होय, चालत होतो."

"आणि डॉक्टरला शपथ घेऊन नाही सांगितलंत?"

"त्यानं चालण्याचं कुठं विचारलं? वजनाचं विचारलं."

भैरू, तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी त्याच्या खिशात हात घातलाय. म्हणाला, "शब्दात पकडता होय मला? तुमच्या पाया पडून विचारलं असतं तरी तुम्ही हेच केलं असतंत." आणि उठून गेला. मला काही कळलंच नाही. मी खोटं एक अक्षर बोललो नाही. घरातल्या मांजराला सुद्धा त्या पायावर बसू दिलं नाही.

दुसरं ऑपरेशन झालं. कमरेचं हाड थोडं कातरून नडगीत भरलं आणि पहिल्यापेक्षा लांब पट्टी घातली. कमरेची जागा पायापेक्षा जास्त दुखते. झोप लागत नाही, लागली की तो आवाज ऐकू येतो. या वेळी पायाला लांब पट्टा बांधला आहे आणि मला खाटेवरून हलू देत नाहीत. भांडं खाटेवर देतात. सुनेच्या हातून. काय लिहू?

डॉक्टर म्हणाला, या वेळी हाड धरलं नाही तर पुढं काय करायचं ते बघावं लागेल. काय बघणार, ते त्यानं सांगितलं नाही. धनेशला बाहेर नेऊन सांगितलं.

धनेश कामापुरतं बोलतो. गोळी घेतली का, पंखा लावू का. बस्स.

ज्ञानू


कारंडेवाडी
४ जानेवारी २०२५

ज्ञानू,

रडतोस काय? तुझं काही चुकलेलं नाही. प्लेट हलक्या मालाची होती. लोखंड कधी दोन महिन्यांत तुटतं? पोत्यात वर चांगला कांदा आणि तळाला गोल्टी, बारका हलका माल, हे आपण जन्मभर बघितलं. त्या डॉक्टरनं तुझ्या पायात गोल्टी घातली आणि आता तुझ्यावर ढकलतोय. म्हणून तर धनेशला बाहेर नेऊन बोलला.

धनेशला सांग, जाऊन भांड. शिकलेला आहे ना तो? आपल्यासारखा नाही. त्यानं तोंड उघडलं पाहिजे. बाप खोटं बोलत नाही एवढं त्याला कळू नये?

आणि भांडं खाटेवर देतात तर घे. मुकाट घे. आपण दोघांनी काय काय उचललं ते आठव. माणसाला उचलून घेणंही शिकावं लागतं.

भैरू


दिघा
२० फेब्रुवारी २०२५

भैरू,

हे पत्र लिहायला बरेच दिवस घेतले. तीनदा फाडलं. आता सगळं लिहितो. तू बसून वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा मी धनेशला म्हणालो, प्लेट खोटी होती, तू विचार. तो पंखा लावून निघून गेला. पण पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरच्या खोलीत तो उभा राहिला आणि भांडला. माझ्याशी बोलत नव्हता, तरी माझ्यासाठी भांडला. बाहेरचे पेशंट दारातून डोकवायला लागले. डॉक्टरनं त्याला ओरडू दिलं. मग जुन्या प्लेटचा फोटो दिव्यावर लावला आणि म्हणाला, "हे बघा. ही प्लेट अशीच तुटते, पायावर उभं राहून चाललं की. दुसऱ्या कशानं नाही. तुमचे वडील रोज चालले आहेत." धनेशचे कान लाल झाले. "सॉरी, सर," म्हणाला. मला वाटलं, हाडाच्या जागी माझ्या पायात आता काहीच उरलेलं नाही.

मला न्यायचं आणायचं म्हणजे धनेश पाठीवर घेतो. खालचा वॉचमन पायाचा पट्टा धरतो. उतरताना बरं असतं. त्या दिवशी चढताना धनेशच्या अंगात राग होता, भरभर चढायला लागला. कमरेत वाकून. तुला सांगतो, बघवत नव्हतं. मी वरून म्हणालो, "कमरेत वाकू नको. गुडघ्यात मोड. वजन मानेखाली घे, वर सरकव मला."

तो म्हणाला, "आबा, गप बसा. पोतं बोलत नाही."

मग मी गप बसलो. दुसऱ्या माळ्याच्या वळणावर त्याच्या तोंडातून एक आवाज आला आणि तो माझ्यासकट भिंतीला टेकला. मला त्यानं पडू दिलं नाही, तेवढं सांगतो. तसाच घसरत खाली बसला, मी पाठीवर. मणक्याची गादी सरकली आहे. त्यालाही चटईवर सरळ पडून राहायला सांगितलंय. आता घरात दोन आडवे आणि एक उभी. तेजश्री दोघांचं करून कामाला जाते, रडत नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता ऐक. मला खाली नेता येत नाही म्हणून व्यायाम घ्यायला एक बाई घरी यायला लागल्या. सुचित्रा मॅडम. चांगल्या आहेत, मोठ्यानं बोलतात. त्यांनी पिशवीतून वजनाचा काटा काढला, माणसं उभी राहतात तो, तबकडीचा. जमिनीवर ठेवला आणि म्हणाल्या, "बाबा, डॉक्टरांनी परवानगी दिली. आजपासून पायावर थोडं थोडं वजन टाकायचं. आधी दहा किलो."

मी इकडंतिकडं बघितलं. म्हणालो, "कशाचं?"

"कशाचं म्हणजे?"

"दहा किलो कशाचं टाकणार? पिशवी आणलीय का? वरून टाकू नका हां, हळू ठेवा."

त्या हसायला लागल्या. मग त्यांचं हसू थांबलं. माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तुमचं स्वतःचं वजन. अंगाचं. उभं राहिलं की ते पायावर पडतं, त्याला वजन टाकणं म्हणतात. डॉक्टर पहिल्यापासून तेच सांगत होते. चालायचं नाही, म्हणजे वजन टाकायचं नाही."

भैरू, माझ्या अंगाला वजन आहे हे मला कधी सुचलंच नाही. वजन म्हणजे जे पाठीवर घ्यायचं आणि गाळ्यात टाकायचं. ते वेगळं, मी वेगळा. तुलाही तसंच वाटलं होतं ना? होय म्हण.

मी आतल्या खोलीकडं बघितलं. धनेश चटईवरून सगळं ऐकत होता. तो हसला नाही. त्यानं डोळ्यांवर हात आडवा घेतला आणि तसाच पडून राहिला. मॅडम गेल्यावर म्हणाला, "आबा."

"काय रे?"

"काही नाही."

म्हणजे मी खोटा नव्हतो. पण मोडलं मीच. माझ्याच पायांनी. त्या पोरांची थप्पी एकदाच पडली, मी रोज सकाळ-संध्याकाळ पाडत होतो. आणि त्यापायी पोराची पाठ गेली.

आता त्या काट्यावर माझ्याच्यानं पाय टेकवत नाही. दुखतं म्हणून नाही. टेकवायला गेलो की कानात तो आवाज येतो आणि मांडी आपोआप वर ओढली जाते. काटा हलत नाही. जिथं शंभराचं पोतं घेऊन आपण फळीवरून ट्रकात चढत होतो, तिथं मी दहा किलोला घामाघूम होतो. मॅडम म्हणतात, "टाका बाबा, टाका, काही होत नाही." तेजश्री म्हणते टाका. सगळे टाका टाका म्हणतात आणि हात काढून घेतात.

लौकर लिही.

ज्ञानू


दिघा
१९ मार्च २०२५

भैरू,

महिना होत आला, तुझं पत्र नाही. तुझ्या सुनेला फोन केला तर म्हणते, मामंजी बरे आहेत, पत्र मिळालं. मग लिहीत का नाहीस? रागावलास? की मला हसतोस? हस, पण लिही.

इथलं काही बरं नाही. पाय वाळून काठीसारखा झालाय. मॅडम एक दिवस मोठ्यानं बोलल्या नाहीत, हळू बोलल्या, तेव्हाच मी समजलो. म्हणाल्या, "बाबा, हाडाला वजन लागतं. भार आला की ते धरतं, नाही आला तर धरत नाही. तुम्ही असंच केलंत तर ऑपरेशन वाया जाईल." आता हे काय, सांग. आधी वजन टाकलं म्हणून मोडलं आणि आता टाकत नाही म्हणून मोडणार. या वयात एवढं शिकायचं कुठून?

त्या दिवशी रागाच्या भरात मी काटा ढकलून दिला. तो खाटेखाली गेला. मॅडमनी वाकून काढला, पुसला आणि पुन्हा माझ्यासमोर ठेवला. मला माझी लाज वाटली, पण पाय ठेवला नाही.

धनेश आता कमरेला पट्टा बांधून बसतो, थोडं चालतो. वाकता येत नाही. मला उचलायचं तर त्याला आता जन्मात सांगता येणार नाही. म्हणजे मी उतरलो नाही तर उतरलो नाही.

रात्री विचार येतो, की पाय कापला असता तर सुटलो असतो. कुणाला बोललो नाही. तुलाच लिहितो.

ज्ञानू


कारंडेवाडी
२९ मार्च २०२५

ज्ञानू,

तुझी दोन्ही पत्रं उशाला आहेत. हसत नव्हतो. लिहायला हात धजत नव्हता.

चालत राहा, रोज वाढव, असं कोणी लिहिलं होतं? मी. हाड म्हणजे बैल, हे कोणाचं शहाणपण? माझं. प्लेट खोटी आहे, भांडायला लाव, हे कोणी लिहिलं? तुझा पाय आणि पोराची पाठ, दोन्ही माझ्या पत्रांनी गेलं. मी इथं खाटेवर बसून मुकादमकी केली. तू विचारलंस, तुलाही तसंच वाटलं होतं ना? होय. मला दुसरं काही वाटलंच नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं तेव्हा कळलं.

मग मी एक केलं. आमच्या दूध डेअरीत काटा आहे. सकाळी गर्दी ओसरल्यावर गेलो आणि त्यावर एक पाय ठेवला. दहावर धरून ठेवायचा म्हणून. बाया हसायला लागल्या. एक जण काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही ते बरंच झालं. ज्ञानू, माझा पाय धडधाकट आहे, तरी काटा दहावर थांबेना. कधी चारावर, कधी तिसावर. सगळं वजन टाकणं सोपं आहे, काहीच न टाकणं सोपं आहे. अर्धवट धरून ठेवणं महाकठीण. पोतं चढवताना मध्येच थांबावं लागलं की जसं होतं, तसं. म्हणजे तू नेभळट नाहीस. काम अवघड आहे.

आणि तू लिहिलंस, सगळे टाका म्हणतात आणि हात काढतात. तिथंच चुकतंय. आपली रीत काय होती? दोघांनी पोतं उचलायचं, तिसऱ्यानं पाठ द्यायची. पाठ देणारा "सोड" म्हणेपर्यंत वरच्यांनी हात काढायचा नाही. मग त्यांचे दंड तुटोत. घाई करायची ती वरच्यांनी नाही. एवढी वर्षं तू पाठ दिलीस आणि मी वरून धरलं. तू "सोड" म्हणाल्याबिगर मी कधी हात काढला? एकदा तरी?

त्या बाईंना सांग. धनेशला सांग. त्यांना रीत माहीत नाही, त्यांचा दोष नाही. शब्द तू द्यायचा. दिवसभर नाही दिलास तरी चालेल. पण तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणी द्यायचा नाही.

पाय कापायचं पुन्हा लिहू नकोस. लिहायचं असेल तर लिही, पण मग मी एसटीनं तिथं येईन आणि तुझ्या तिसऱ्या माळ्यावर बसेन. मला ऐकू येत नाही आणि तुला हलता येत नाही. तेजश्रीचा विचार कर.

उद्या पाडवा. माझ्याच्यानं यंदा गुढी उभी करवत नाही, हात थरथरतात. सून करेल.

भैरू


दिघा
१७ एप्रिल २०२५

भैरू,

तुझं पत्र मी धनेशला मोठ्यानं वाचून दाखवलं. दुधाच्या डेअरीचं वाचताना तो हसला आणि कमरेत कळ आली म्हणून शिवी दिली. मग "सोड"चं वाचलं. त्यानं कमरेचा पट्टा नीट केला. म्हणाला, "हे जिन्यात आधी सांगितलं असतंत तर?"

मी म्हणालो, "सांगतच होतो. तू म्हणालास, पोतं बोलत नाही."

तो म्हणाला, "आबा, ते नका काढू." मी पुन्हा काढलं नाही.

आधी वाईट सांगतो. नवीन फोटोत हाड एका बाजूनं धरलंय, दुसऱ्या बाजूला अजून काळी रेघ आहे. पाय थोडा आखूड राहणार, ते नक्की. डॉक्टर म्हणाला, पुढच्या फोटोपर्यंत तीस किलोपर्यंत जायला हवं. ती रेघ भरली नाही तर पुन्हा ऑपरेशन, आणि माझ्या कमरेत आता कातरायला फार हाड नाही. उतरण्याचं विचारलं तर "बघू" म्हणाला. हे बघू मला कळायला लागलंय. धनेशला महाप्याला बोलावतात पण गोदामाचं काम देत नाहीत, खुर्चीवर बसवतात. तिथं खुर्चीवरचे किती दिवस ठेवतील, माहीत नाही. तू त्यातलं स्वतःवर घेऊ नकोस. ऐकताना कान दोघांचेही चुकले.

सुचित्रा मॅडमना रीत सांगितली. त्यांनी वादच घातला नाही. माझ्या काखेत हात घालून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं, तुम्ही म्हणेपर्यंत." पहिल्या दिवशी मी शब्दच दिला नाही. त्यांचे हात कापायला लागले तरी त्यांनी काढले नाहीत. शेवटी मीच म्हणालो, "आज राहू द्या." दुसऱ्या दिवशी दहा झाले. मग पंधरा. पंधराच्या पुढं जाईना.

काल मॅडम आल्या नाहीत, त्यांची मुलगी आजारी आहे. धनेश कामावरून आला, कपडे बदलले, कमरेचा पट्टा घट्ट ओढला आणि काटा आणून माझ्यासमोर ठेवला. वाकला नाही, पायानं सरकवला.

मी म्हणालो, "तू नको. तुझी पाठ."

"पट्टा आहे. उठा."

"तेजश्री येऊ दे."

"आबा, उठा."

उठलो. डावा पाय जमिनीवर, हात घोड्यावर, उजवा काट्यावर. धनेश मागं उभा राहिला आणि काखेतून मला धरलं. समोर कपाटाचा आरसा आहे. काटा चौदावर होता. मी जोर दिला. चौदावरच. घामानं हात घोड्यावरून सटकायला लागले.

धनेशनं विचारलं, "सोडू?"

"थांब."

"थांबतो."

पुन्हा जोर दिला. चौदा. मी आरशात बघितलं. मला माझा पाय बघायचा होता, पण दिसलं धनेशचं तोंड. ओठ दाताखाली धरलेला, मानेच्या शिरा ताणलेल्या, डोळे मिटलेले. पण गुडघे मोडलेले होते, भैरू. कमरेत वाकला नव्हता. पाठ सरळ. कुणी सांगितलं नव्हतं आणि तो बरोबर उभा होता. माझं वजन आता चोपन्न आहे. काट्यावर चौदा. थोडं डाव्या पायावर असेल. बाकीचं कुठं होतं ते मला आरशात दिसलं.

तो डोळे न उघडताच म्हणाला, "आबा, मी आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा."

मी म्हणालो, "सोड."

त्यानं सोडलं. एकदम नाही, आपण सोडायचो तसं, आधी जोर काढला, मग तळवे, मग बोटं. काटा वीसच्या पुढं गेला, पंचविसाच्या पुढं गेला. कळ टाचेतून निघून दातापर्यंत आली. मी घोडा धरून, तोंड उघडं टाकून उभा होतो. काटा एकतीसवर थरथरत होता.

धनेश भिंतीला टेकून खाली बसला होता. मी पायाकडं कान लावला. सगळं घर गप होतं. मी बराच वेळ ऐकलं.

आवाज झाला नाही.

ज्ञानू